एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरांच्या कामगिरीचे मूल्यमापन: आराखड्यापासून अहवालापर्यंत

प्रतिमा वाचून निदान करणाऱ्या डॉक्टरांची कामगिरी मोजणारे अभ्यास एमडीच्या प्रबंधांमध्ये आता वारंवार दिसतात, आणि त्यांतील चुकाही त्याच त्या असतात. या चुका आकडेमोडीत क्वचितच असतात. पहिली प्रतिमा उघडण्याआधी जे ठरवायला हवे होते ते ठरवलेले नसते, आणि सगळे वाचन संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे एक्सेलची फाइल येते. त्या वेळी त्याच्या हाती फारसे काही उरलेले नसते. म्हणून या लेखात सूत्रांपेक्षा तयारीला आणि क्रमाला अधिक जागा दिली आहे.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवले आहे. नागपुरातील रुग्णालयांत आलेल्या प्रौढांच्या छातीच्या एक्स-रेवर फुप्फुसाचा क्षयरोग ओळखताना संगणकीय साहाय्यक प्रणालीची खूण सोबत दाखवली, तर डॉक्टरांचे वाचन सुधारते का, हा त्यातील प्रश्न आहे. सहा डॉक्टर, १२० एक्स-रे आणि दोन पद्धती, म्हणजे प्रणालीविना आणि प्रणालीसह वाचन, अशी रचना धरली आहे. उदाहरणातील आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत. ते कोणत्याही प्रत्यक्ष अभ्यासातील नाहीत. एक्स-रे वाचणाऱ्या डॉक्टरला पुढे ‘निरीक्षक’ म्हटले आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

त्या वाक्यात चार गोष्टी याव्यात: काय ओळखायचे आहे, कोणत्या दोन पद्धतींची तुलना आहे, निष्कर्ष कोणत्या डॉक्टरांना लागू करायचा आहे आणि कोणत्या रुग्णांना. ‘प्रणालीची उपयुक्तता तपासणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण ते कधीच खोटे ठरू शकत नाही. क्रियाशील क्षयरोग ओळखायचा की छातीतील कोणतीही विकृती, हे न ठरवल्यामुळे पुढे संदर्भ निदान, गुणांची पट्टी आणि विश्लेषण असे तिन्ही बिघडलेले अभ्यास पुष्कळ आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अशा प्रणालींची शिफारस केली ती १५ वर्षे आणि त्यावरील वयासाठी. तेव्हा लहान मुलांचे एक्स-रे या संचात मिसळू नयेत.

नवी पद्धत जुन्यापेक्षा सरस आहे हे दाखवायचे, की ती जुन्यापेक्षा फार उणी नाही एवढेच दाखवायचे, हेही आताच ठरवावे. दुसरा पर्याय असेल तर ‘फार उणी’ म्हणजे किती, ती मर्यादा आराखड्यात आकड्याने लिहावी.

*सावधान:* सरसता तपासायला निघालेल्या अभ्यासात पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) ०.०५ पेक्षा जास्त आले म्हणून ‘दोन्ही पद्धती समान आहेत’ असे लिहिता येत नाही. लहान अभ्यासात असे पी-मूल्य जवळजवळ आपोआपच येते.

२. संदर्भ निदान एक्स-रेच्या बाहेरून आणा

निरीक्षकांचे उत्तर ज्या निदानाशी ताडून पाहायचे, ते एक्स-रेवरून आलेले नसावे आणि त्याच निरीक्षकांपैकी कोणी दिलेले तर मुळीच नसावे. ‘वरिष्ठांचे मत हेच प्रमाण’ असे धरले, की अभ्यास अचूकता मोजायचे सोडून वरिष्ठांशी असलेले एकमत मोजू लागतो. क्षयरोगाच्या बाबतीत थुंकीचे कल्चर किंवा सीबीनॅट, ट्रूनॅट यांसारखी रेणवीय चाचणी उपलब्ध असते. तिचाच आधार घ्यावा.

इथे एक बारकावा आहे. पूर्वी क्षयरोगाचे उपचार घेतलेल्या रुग्णात रेणवीय चाचणी मृत जिवाणूंच्या डीएनएमुळेही सकारात्मक येऊ शकते. अशा रुग्णांसाठी कल्चर मागावे, नाहीतर त्यांना सरळ वगळावे आणि वगळल्याची नोंद ठेवावी. उलट बाजूने, ‘क्षयरोग नाही’ असे ज्यांना म्हणायचे त्यांचीही पडताळणी लागते. ज्यांची थुंकी तपासलीच नाही, त्यांना निरोगी धरणे ही फार रुळलेली चूक आहे. एक्स-रे संशयास्पद दिसला तरच थुंकी पाठवली जात असेल, तर नजरेतून सुटलेले रुग्ण संचात येतच नाहीत आणि संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांपैकी किती ओळखले ते प्रमाण, फुगते. बेग आणि ग्रीन्स यांनी १९८३ मध्ये यासाठी गणिती दुरुस्ती सुचवली आहे. पण ती केलेल्या पडताळणीची जागा घेऊ शकत नाही, विशेषतः नकारात्मक गटातील फारच थोड्यांची चाचणी झालेली असेल तेव्हा.

*तपासा:* प्रत्येक केससमोर संदर्भ निदान, ते कोणत्या चाचणीने ठरले आणि चाचणी व एक्स-रे यांत किती दिवसांचे अंतर होते, असे तीन रकाने भरलेले आहेत का? तिसरा रकाना बहुधा रिकामा असतो.

३. केस निवडा, सोप्या केस गोळा करू नका

नागपूरच्या मोठ्या रुग्णालयांत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीपासून थेट छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. यातील बरेच जण दोन-तीन ठिकाणी दाखवून, आजार वाढल्यावर इथे पोहोचतात. त्यांच्या एक्स-रेवर मोठ्या पोकळ्या दिसतात आणि त्या पहिल्या वर्षाच्या निवासी डॉक्टरलाही ओळखता येतात. दुसऱ्या बाजूला ‘सामान्य’ गट म्हणून नोकरीपूर्व तपासणीचे स्वच्छ एक्स-रे घेतले, तर प्रत्येक निरीक्षकाचे वक्राखालील क्षेत्र (आजारी केसला इतर केसपेक्षा जास्त गुण मिळण्याची शक्यता; ०.५ म्हणजे निव्वळ अंदाज, १ म्हणजे अचूक; हिशेब कलम ९ मध्ये) ०.९५ च्या वर जाईल आणि दोन पद्धतींत फरक दिसायला जागाच उरणार नाही. एवढे करून जो आकडा मिळेल तो ओपीडीत टिकणार नाही.

‘क्षयरोग नाही’ या गटात ज्यांच्यामुळे खरोखर घोळ होतो ते हवेत: बरा झालेल्या जुन्या क्षयरोगाचे व्रण, न्यूमोनिया, जुनाट श्वासनलिकारोग, कर्करोगाच्या गाठी आणि खाणीत किंवा दगड फोडण्याच्या कामात आयुष्य गेलेल्यांचा सिलिकोसिस. विदर्भात हा शेवटचा प्रकार विसरून चालत नाही. क्षयरोगाच्या गटातही थुंकी सकारात्मक पण एक्स-रेवर अल्प बदल, अशा केस मुद्दाम ठेवाव्यात.

निवडीचा सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे ठरावीक कालावधीतील निकषांत बसणाऱ्या सर्व केसची यादी करून तिच्यातून गटवार यादृच्छिक निवड करणे. ‘चांगल्या फिल्म’ हाताने वेचणे टाळावे. एखादी केस वगळलीच तर कारण लिहावे, आणि ते कारण संदर्भ निदान न पाहता दिलेले असावे.

*सावधान:* सकारात्मक केस एका केंद्रातून आणि नकारात्मक दुसऱ्या केंद्रातून घेऊ नका. नागपुरातील मेडिकल, मेयो आणि मिहानमधील एम्स अशा तिन्ही रुग्णालयांतून केस घेणार असाल, तर प्रत्येक ठिकाणाहून दोन्ही गट घ्या. निरीक्षक यंत्राची छटा, डाव्या-उजव्या बाजूच्या खुणेचा आकार, खाटेवर काढलेली फिल्म अशा गोष्टींवरून आजार ओळखू लागतात. संगणकीय प्रणाली तर ते आणखी लवकर शिकते.

४. प्रतिमा आणि परवानग्या

मूळ डायकॉम फाइल (वैद्यकीय प्रतिमांचे प्रमाणित स्वरूप) घ्याव्यात. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेली किंवा मोबाइलने पडद्यावरून टिपलेली प्रतिमा चालत नाही. फाइलच्या शीर्षभागातील नाव काढले तरी प्रतिमेवरच छापलेले नाव, वय आणि रुग्णालयाचा शिक्का राहतो. तो झाकावा लागतो. सर्व निरीक्षकांना सारख्या दर्जाचा, जुळवलेला मॉनिटर आणि सारखा मंद प्रकाश द्यावा. नैतिकता समितीची मंजुरी लागतेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ओळख काढून टाकलेल्या जुन्या नोंदींसाठी समिती रुग्णांच्या संमतीतून सूट देऊ शकते. मात्र इथे निरीक्षक डॉक्टर हेही अभ्यासाचे सहभागी आहेत. त्यांची लेखी संमती घ्यायचे जवळजवळ सगळेच विसरतात.

५. निरीक्षक किती, आणि कोण

एका निरीक्षकावर काय कळते ते आधी पाहू. ६० क्षयरोगाच्या आणि ६० इतर केस आहेत आणि निरीक्षकाचे वक्राखालील क्षेत्र ०.८० आले, असे धरा. हॅन्ली आणि मॅकनील यांच्या १९८२ च्या सूत्राने त्याची प्रमाण त्रुटी (नमुना बदलल्यास अंदाज साधारण किती हलेल ते) सुमारे ०.०४१ येते, म्हणजे ९५ टक्के विश्वास अंतराल (खरे मूल्य जिथे असण्याचा संभव आहे तो पट्टा) साधारण ०.७२ ते ०.८८. त्याच केस दोन्ही पद्धतींनी वाचल्या आणि दोन मोजमापांतील सहसंबंध ०.५ धरला, तर फरकाची प्रमाण त्रुटीही ०.०४१ च्या आसपास राहते. तेव्हा ०.०८ पेक्षा लहान फरक या एका डॉक्टरच्या वाचनातून सिद्ध होऊ शकत नाही. आणि मोठा फरक आला तरी तो त्या एका डॉक्टरचा असतो.

निष्कर्ष ‘अशा डॉक्टरांना’ लागू करायचा असेल, तर निरीक्षक हा त्या समूहाचा नमुना मानावा लागतो आणि नमुन्यात पुरेशी माणसे लागतात. दोन निरीक्षक असतील तर त्यांच्यातील चढउताराचा अंदाज एकाच स्वातंत्र्यकोटीवर, म्हणजे एकाच स्वतंत्र माहितीवर, उभा राहतो, जो नसल्यातच जमा. माझ्या मते पाच-सहापेक्षा कमी निरीक्षकांवर समूहाविषयी बोलू नये. केस वाढवून निरीक्षकांची उणीव काही प्रमाणात भरून निघते, पूर्णपणे नाही. निरीक्षकांत मतभेद मोठे असतील तर ५०० केस घेऊनही अंतराल रुंदच राहतो.

नेमकी संख्या ठरवण्यासाठी छोटा पूर्वाभ्यास करून विचरणाचे, म्हणजे आकड्यांतील चढउताराचे, घटक काढावेत, किंवा तशाच रचनेच्या प्रकाशित अभ्यासातून ते घ्यावेत. ‘संवेदनशीलता ८० टक्के, चूक ५ टक्के’ असे एका प्रमाणाचे सूत्र वापरून काढलेला नमुना या रचनेला लागू पडत नाही, कारण त्यात निरीक्षक मोजलेलेच नसतात.

प्रणाली जर ग्रामीण रुग्णालयातील वैद्यकीय अधिकाऱ्यांसाठी असेल, तर निरीक्षकही तेच हवेत. विभागातले सहा रेडिओलॉजिस्ट हाताशी आहेत, हे निवडीचे कारण होऊ शकत नाही. केस निवडणाऱ्या व्यक्तीने निरीक्षक होऊ नये.

६. गुणांची पट्टी: सर्वाधिक अभ्यास इथे फसतात

निरीक्षकाकडून फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उत्तर घेतले, तर त्याच्या आरओसी वक्रावरील एकच बिंदू मिळतो. (हा वक्र प्रत्येक उंबरठ्याला संवेदनशीलता आणि विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्यांपैकी किती जणांना ‘नाही’ म्हटले ते प्रमाण, कशी बदलते हे दाखवतो.) समजा, प्रणालीविना संवेदनशीलता ७० टक्के आणि विशिष्टता ८५ टक्के होती. प्रणालीसह ती ८० आणि ७२ झाली. वाचन सुधारले की डॉक्टर केवळ अधिक सावध होऊन जास्त जणांना ‘आहे’ म्हणू लागले? या दोन जोड्यांवरून सांगता येत नाही. त्यासाठी संशयाची पातळी ० ते १०० अशा पट्टीवर घ्यावी लागते.

पत्रकावरील प्रश्नाचे शब्द असे असावेत: ‘या व्यक्तीला फुप्फुसाचा क्रियाशील क्षयरोग असण्याची शक्यता ० ते १०० पैकी किती वाटते?’ याऐवजी ‘तुम्हाला तुमच्या निदानाची किती खात्री आहे?’ असे विचारले, की एक्स-रे पूर्ण सामान्य आहे असे वाटणारा डॉक्टर ९५ लिहितो आणि क्षयरोग नक्की आहे असे वाटणाराही ९५ लिहितो. मग वक्र कर्णरेषेभोवती (निव्वळ अंदाजाच्या रेषेभोवती) घुटमळतो आणि कारण शोधण्यात आठवडे जातात. वाचन संपल्यावर ही चूक दुरुस्त करायला मार्ग नाही.

त्याच पत्रकावर दुसरा, स्वतंत्र प्रश्न ठेवावा: ‘या व्यक्तीची थुंकी तपासायला पाठवाल का?’ उत्तर होय किंवा नाही. संवेदनशीलता आणि विशिष्टता या उत्तरावरून काढावी. पट्टीवर ५० हा उंबरठा मागाहून लावू नये. कारण एक डॉक्टर २० ला थुंकी पाठवतो आणि दुसरा ६० पर्यंत थांबतो.

प्रचलित वर्गीकरणे पट्टी म्हणून उचलू नयेत. स्तनांच्या मॅमोग्राफीतील बायरॅड्स या अहवाल-पद्धतीचे वर्ग पुढे काय करायचे ते सांगतात. न्यूमोकोनियोसिससाठीची (धुळीमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारासाठीची) आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची बारा पायऱ्यांची पट्टी सावल्यांची घनता सांगते. दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत, पण ‘आजार असण्याची शक्यता’ हा त्यांचा विषय नाही.

जागेचाही विचार करावा. क्षयरोग उजव्या शिखरात आहे आणि निरीक्षकाने डावीकडच्या जुन्या व्रणाला ९० गुण दिले, तर साधे आरओसी विश्लेषण त्याला पूर्ण श्रेय देते. हे चालणार नसेल, तर प्रत्येक संशयित जागेवर खूण आणि तिचे गुण घ्यावेत आणि खुणांवर आधारित एफआरओसी रचना वापरावी. खूण खऱ्या विकृतीपासून किती अंतरात असली तर बरोबर धरायची, हे वाचनापूर्वी ठरलेले असावे.

*तपासा:* संचाबाहेरील २०-२५ केसवर सर्व निरीक्षकांचा सराव घ्या आणि उत्तरे दाखवून चर्चा करा. कोणी फक्त ०, ५० आणि १०० हेच आकडे वापरत असेल, तर पट्टीचा उद्देश पुन्हा समजावून सांगा.

७. वाचनाचा क्रम

सर्वांनी आधी प्रणालीविना आणि मग प्रणालीसह वाचले, तर सराव, आठवण आणि थकवा या सगळ्यांचा परिणाम प्रणालीच्या खात्यावर जमा होतो. म्हणून निरीक्षकांचे तीन-तीनचे दोन गट करावेत आणि केसचे ६०-६० चे दोन संच करावेत. प्रत्येक संचात ३० क्षयरोगाच्या केस असाव्यात. पहिल्या फेरीत पहिला गट पहिला संच प्रणालीविना आणि दुसरा संच प्रणालीसह वाचतो. दुसरा गट याच्या उलट करतो. मध्ये किमान चार आठवड्यांचा खंड ठेवून दुसऱ्या फेरीत पद्धती अदलाबदल होतात. प्रत्येक निरीक्षकासाठी आणि प्रत्येक फेरीसाठी केसचा क्रम नव्याने, यादृच्छिक पद्धतीने लावावा.

दुसरी मान्य रचना म्हणजे एकाच बैठकीत आधी प्रणालीविना गुण द्यायचे, ते कुलूपबंद करायचे आणि लगेच प्रणालीची खूण दाखवून पुन्हा गुण घ्यायचे. यात खंड लागत नाही आणि दोन गुणांतील सहसंबंध वाढल्याने फरक अधिक नेमका मोजला जातो. पण प्रत्यक्ष वापरात खूण सुरुवातीपासूनच पडद्यावर असणार असेल, तर ही रचना वेगळाच प्रश्न सोडवते. शिवाय पहिले गुण मागे जाऊन बदलता येत असतील, तर सगळा खटाटोप वाया जातो. कागदी पत्रकावर खाडाखोड थांबवता येत नाही. साधा संगणकीय फॉर्म वापरावा.

एका बैठकीत ३०-४० पेक्षा अधिक केस देऊ नयेत. वेळापत्रक आखताना इथला उन्हाळा विसरू नये: मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे असताना, दुपारी, रात्रपाळी करून आलेल्या निवासी डॉक्टरला बसवले, तर मोजली जाते ती त्याची झोप. दिवाळीची सुट्टी मात्र दोन फेऱ्यांमधल्या खंडासाठी सोयीची पडते.

*सावधान:* संचात क्षयरोगाच्या किती केस आहेत हे निरीक्षकांना सांगू नका, आणि फेऱ्यांच्या मध्ये कोणालाही निकाल दाखवू नका. हा संयम पाळणे वाटते त्याहून कठीण आहे, कारण पहिली फेरी संपली की प्रत्येक जण ‘माझे किती बरोबर आले?’ असे विचारतोच.

८. नोंदींची छाननी

प्रत्येक वाचनाची एक ओळ असावी: निरीक्षक, केस, पद्धत, फेरी, क्रमांक, गुण, थुंकीचा निर्णय, लागलेला वेळ. संदर्भ निदान वेगळ्या फाइलमध्ये ठेवावे आणि विश्लेषणाच्या वेळीच जोडावे. आपल्या उदाहरणात ६ × १२० × २ म्हणजे १४४० ओळी हव्यात. त्याहून एक ओळ कमी किंवा जास्त असेल, तर ती सापडेपर्यंत पुढे जाऊ नये. रिकामा गुण म्हणजे शून्य नव्हे. ज्या केस वाचायला निरीक्षकांना अवघड गेल्या त्याच रिकाम्या राहिल्या असतील, तर त्या वगळल्याने निकाल सुधारलेला दिसतो. अशा ओळी भरून घ्याव्यात.

९. आधी एकेका निरीक्षकाचा वक्र

वक्राखालील क्षेत्राचा अर्थ हाताने एकदा हिशेब केल्यावर पक्का बसतो. चार क्षयरोगी केसचे गुण ९०, ७०, ६०, ३० आणि पाच इतर केसचे ६५, ५०, ३०, २०, १० आहेत असे समजा. एक क्षयरोगी आणि एक इतर अशा एकूण २० जोड्या होतात. क्षयरोगी केसचे गुण जास्त असतील तर १, समान असतील तर अर्धा, कमी असतील तर शून्य मोजा. ९० आणि ७० प्रत्येकी ५ जोड्या जिंकतात, ६० चार जिंकतो, आणि ३० दोन जिंकून एकीत बरोबरी करतो. बेरीज १६.५, भागिले २०, म्हणजे ०.८२५.

हे झाले प्रत्यक्ष गुणांवरून काढलेले क्षेत्र. पट्टीवर चार-पाचच पायऱ्या असतील तर असे क्षेत्र खऱ्यापेक्षा कमी येते, आणि मग दोन्ही गटांचे गुण घंटाकार वितरणाचे मानणारे द्विप्रसामान्य प्रतिमान वापरून गुळगुळीत वक्र बसवतात. दोन्हींपैकी काय वापरायचे ते आराखड्यात आधी लिहिलेले असावे. दोन्ही काढून बरे दिसणारे ठेवणे योग्य नाही.

*तपासा:* सहाही निरीक्षकांचे दोन्ही पद्धतींचे वक्र एकाच कागदावर काढून डोळ्यांनी पाहा. एखाद्याचा वक्र कर्णरेषेखाली असेल, तर त्याने बहुधा पट्टी उलटी वापरली आहे. दोन पद्धतींचे वक्र एकमेकांना छेदत असतील, तर केवळ क्षेत्रांची तुलना दिशाभूल करते, आणि कोणत्या विशिष्टतेपाशी काय घडते ते स्वतंत्रपणे सांगावे लागते.

१०. पद्धतींची तुलना: दोन नमुने एकाच वेळी

या रचनेत निरीक्षक हा एक नमुना आहे आणि केस हा दुसरा. विश्लेषणाने दोन्हींची अनिश्चितता धरली पाहिजे. प्रत्यक्षात तीन चुकीच्या वाटा चोखाळल्या जातात.

पहिली म्हणजे सर्व निरीक्षकांचे गुण एकत्र ओतून प्रत्येक पद्धतीचा एकच वक्र काढणे. एकाच एक्स-रेची सहा वाचने सहा स्वतंत्र रुग्णांसारखी मोजली जातात आणि अंतराल खोटा अरुंद होतो. शिवाय प्रत्येकाची पट्टी वापरण्याची सवय वेगळी असल्याने एकत्रित वक्र बहुतेक वेळा खाली सरकतो. दुसरी वाट एका निरीक्षकासाठी बनलेली चाचणी सरासरी गुणांवर लावण्याची. डीलाँग आणि सहकाऱ्यांची १९८८ ची चाचणी एकाच संचावरील दोन वक्रांसाठी उत्तम आहे. पण सहा जणांचे सरासरी गुण काढून ती लावली, तर निष्कर्ष त्या सहा जणांच्या समितीचा होतो.

तिसरी वाट अधिक फसवी आहे, कारण ती नीटस दिसते: प्रत्येक निरीक्षकाच्या दोन क्षेत्रांतील फरक घेऊन जोडीवार टी-चाचणी (सरासरी फरक शून्याहून वेगळा आहे का ते पाहणारी) करणे. समजा, सहा फरक ०.०८, ०.०७, ०.०५, ०.०३, ०.०२ आणि −०.०१ आहेत. सरासरी ०.०४, प्रमाण त्रुटी ०.०१४, आणि पाच स्वातंत्र्यकोटींवर ९५ टक्के अंतराल ०.००५ ते ०.०७५. शून्य बाहेर राहिला. प्रबंधात ‘लक्षणीय सुधारणा’ लिहून मोकळे. पण ही चाचणी याच १२० केस पुन्हा येतील असे गृहीत धरते.

केसची अनिश्चितता धरण्यासाठी ओबुकोव्स्की आणि रॉकेट यांची १९९५ ची पद्धत घ्यावी. डॉर्फमन, बरबॉम आणि मेट्झ यांची १९९२ ची जॅकनाइफवर (एकेक केस वगळून पुन्हा हिशेब करण्यावर) आधारलेली पद्धतही चालते. हिलिस यांनी पुढे दोन्हींचे नाते स्पष्ट केले आणि स्वातंत्र्यकोटींचे सुधारित सूत्र दिले. ओबुकोव्स्की-रॉकेट पद्धतीचा गाभा असा: वेगवेगळे निरीक्षक त्याच केस वाचतात म्हणून त्यांच्या चुका एकमेकींशी निगडित असतात. एकाच पद्धतीतील दोन निरीक्षकांचे सहविचरण (दोन मोजमापे एकत्र किती हलतात ते) वेगळ्या पद्धतींतील दोन निरीक्षकांच्या सहविचरणापेक्षा जितके जास्त, तितकी भर निरीक्षक-पद्धती आंतरक्रियेच्या वर्गसरासरीत (पद्धतींतील फरक निरीक्षकागणिक किती बदलतो त्याच्या मापात) घालावी लागते.

वरच्याच आकड्यांत ती वर्गसरासरी सहा फरकांच्या विचरणाच्या, म्हणजे ०.००११२ च्या, निम्मी, म्हणजे ०.०००५६ आहे. सहविचरणांतील फरक ०.०००२ निघाला असे धरू; सहा निरीक्षकांसाठी भर ०.००१२, बेरीज ०.००१७६. तिला २ ने गुणून ६ ने भागले आणि वर्गमूळ काढले, की फरकाची प्रमाण त्रुटी ०.०२४ येते. हिलिस यांच्या सूत्राने स्वातंत्र्यकोटी सुमारे ४९, आणि अंतराल −०.००९ ते ०.०८९. शून्य आत आला. सरासरी फरक तोच ०.०४ आहे, बदलले ते एवढेच, की आता निष्कर्ष नव्या डॉक्टरांबरोबर नव्या रुग्णांनाही लागू करायचा आहे.

हा हिशेब हाताने करायची गरज नाही. आयएमआरएमसी हे मोफत सॉफ्टवेअर आहे, आणि आर या संगणकीय भाषेत आरजाफ्रॉक आणि एमआरएमसीएओव्ही हे संच मिळतात. आरजाफ्रॉक खुणांवर आधारित रचनाही हाताळतो. महाविद्यालयांत रूढ असलेल्या एसपीएसएसमधील आरओसीची सोय अनेक निरीक्षकांच्या या रचनेसाठी पुरेशी नाही. सॉफ्टवेअरमध्ये निरीक्षक आणि केस दोन्ही यादृच्छिक असा पर्याय निवडला आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. निकालाच्या पानावर तिन्ही पर्यायांचे (दोन्ही यादृच्छिक, फक्त निरीक्षक, फक्त केस) आकडे शेजारी छापलेले असतात आणि सर्वांत लहान पी-मूल्याकडे बोट आपोआप जाते.

११. कोणते आकडे देऊ नयेत

या संचात निम्म्या केस क्षयरोगाच्या आहेत, आणि ते आपण ठरवले आहे. म्हणून ‘एकूण अचूकता’ आणि सकारात्मक निकालाचे भाकीतमूल्य (‘आहे’ म्हटलेल्यांपैकी खरोखर आजार असलेल्यांचे प्रमाण) इथून काढू नये. संवेदनशीलता ८५ आणि विशिष्टता ८० टक्के असेल, तर अशा संचात भाकीतमूल्य ८१ टक्के येते. शंभरात दोघांना आजार असलेल्या समूहात तेच ८ टक्क्यांवर येते.

कप्पा हा निर्देशांक योगायोगाचा भाग वजा करून एकमत मोजतो, अचूकता नव्हे. दोन निरीक्षक मिळून चुकत असतील तरी कप्पा उंच राहतो. उलट, १०० एक्स-रेंपैकी ९० दोघांनीही सामान्य म्हटले, २ दोघांनीही विकृत म्हटले आणि उरलेल्या ८ मध्ये चार-चार असे मतभेद झाले, तर ९२ टक्के एकमत असूनही कप्पा ०.२९ येतो. तो द्यायचाच असेल तर मूळ तक्त्यासह द्यावा.

१२. अहवाल

निदान-अचूकतेच्या अभ्यासांचे अहवाल लिहिण्यासाठीची स्टार्ड २०१५ ची ३० मुद्द्यांची यादी समोर ठेवून लिहावे. केसचा प्रवाह, म्हणजे किती पाहिल्या, किती वगळल्या आणि का, हे आकृतीत दाखवावे. प्रत्येक निरीक्षकाची दोन्ही क्षेत्रे तक्त्यात द्यावीत. केवळ सरासरी देऊ नये, कारण ज्याचे वाचन प्रणालीमुळे बिघडले तो निरीक्षक सरासरीत दिसेनासा होतो. सरासरी फरक, त्याचा विश्वास अंतराल, वापरलेली पद्धत, सॉफ्टवेअर आणि त्याची आवृत्ती, आणि निरीक्षक व केस कोणत्या प्रकारे धरले, हे एकाच परिच्छेदात यावे. थुंकीच्या निर्णयावरून काढलेली संवेदनशीलता आणि विशिष्टता वेगळ्या तक्त्यात, प्रत्येकीच्या अंतरालासह द्यावी. पूर्वनियोजित विश्लेषण आणि आकडे पाहिल्यावर सुचलेले विश्लेषण यांची शीर्षके वेगळी ठेवावीत. पोकळी असलेल्या केसमध्ये प्रणाली अधिक उपयोगी पडली, असे मागाहून दिसले असेल तर ते दुसऱ्या शीर्षकाखाली जाते. १४४० ओळींची ओळख काढलेली फाइल परीक्षकांनी मागितल्यास देता येईल अशा रीतीने, रकान्यांच्या स्पष्टीकरणासह, विभागाकडे जमा करावी.